पीएच.डी. करताना स्वतःची मूल्यं दाराबाहेर ठेवायची का?

पीएच.डी.च्या प्रवेश मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो : "हाच विषय का निवडला?"

बहुतेक उमेदवारांचं उत्तर ठरलेलं असतं. या विषयावर पुरेसं संशोधन झालेलं नाही, ती उणीव भरून काढायची आहे. उत्तर चुकीचं नसतं, पण अर्धंच असतं. ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणावर काम करू पाहणारी मुलगी कदाचित स्वतः साखरशाळेत शिकलेली असते. भूजलाचा विषय घेणाऱ्याने गावातल्या विहिरी आटताना पाहिलेल्या असतात. बोलीभाषेवर काम करू पाहणाऱ्याला त्याच बोलीवरून वर्गात हसलेलं असतं.

खरं कारण हे असतं आणि नेमकं तेच सांगायला विद्यार्थी कचरतात. कारण 'संशोधन वस्तुनिष्ठ हवं, तुमच्या भावना घरी ठेवून या' हे त्यांनी पहिल्या दिवसापासून ऐकलेलं असतं.

ही सूचना कितपत बरोबर आहे? आपली मूल्यं, म्हणजे आपल्याला काय महत्त्वाचं, न्याय्य किंवा अन्याय्य वाटतं ते, संशोधनात आणायचं की नाही? आणायचं तर कुठे आणि कुठे नाही? इतिहासातले काही प्रबंध पाहिले तर याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

वस्तुनिष्ठ म्हणजे नेमकं काय?

या चर्चेत जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांचं नाव नेहमी येतं. नोव्हेंबर १९१७ मध्ये म्युनिकमध्ये विद्यार्थ्यांसमोर त्यांनी एक व्याख्यान दिलं. इंग्रजीत ते 'सायन्स अ‍ॅज अ व्होकेशन' या नावाने ओळखलं जातं. प्राध्यापकाने वर्गातल्या व्यासपीठावरून आपलं राजकारण पसरवू नये, असं त्यांनी त्यात ठामपणे मांडलं. त्यामुळे वेबर म्हणजे 'मूल्यं बाहेर ठेवा' असं समीकरण अनेकांच्या डोक्यात बसलं आहे.

पण वेबर यांचं म्हणणं इतकं सरळसोट नव्हतं. कोणती गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे, हे विज्ञान स्वतः ठरवू शकत नाही. ते माणूसच ठरवतो आणि ठरवताना त्याची मूल्यं कामाला येतातच, हेही त्यांनी मांडलं होतं. त्यांच्या मते चांगल्या शिक्षकाचं पहिलं काम म्हणजे विद्यार्थ्यांना गैरसोयीची तथ्यं ओळखायला शिकवणं. गैरसोयीची म्हणजे स्वतःच्याच मताला अडचणीत आणणारी.

थोडक्यात, मूल्यांनी प्रश्न विचारायला हरकत नाही. उत्तर मात्र पुराव्याने द्यायचं. आणि पुरावा आपल्या मनाविरुद्ध गेला तर तोही लिहायचा.

पंचविशीतले आंबेडकर आणि जातीवरचा निबंध

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये एका भारतीय विद्यार्थ्याने निबंध वाचला. विषय होता भारतातल्या जाती, त्यांची रचना, उगम आणि विकास. विद्यार्थ्याचं नाव भीमराव आंबेडकर, वय २५.

जातीचे चटके ज्याने स्वतः सोसले, त्याच्यासाठी यापेक्षा व्यक्तिगत विषय कोणता असणार? पण या निबंधाचा बराचसा भाग व्याख्या तपासण्यात जातो. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर या चार अभ्यासकांनी जातीची व्याख्या कशी केली, त्यात काय बरोबर आणि काय अपुरं, हे आंबेडकर एकेक करून मांडतात. मग स्वतःचा मुद्दा पुढे आणतात : जातीच्या मुळाशी आहे जातीतल्या जातीत लग्न करण्याचं बंधन. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथांचा संबंध ते याच बंधनाशी जोडतात.

यात लक्षात घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट केतकरांबद्दलची. पुढे ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकले होते आणि जातीवर त्यांचं पुस्तक होतं. आंबेडकरांनी त्यांच्या काही मुद्द्यांवर आक्षेप घेतला. पण इथल्याच माणसाने चिकित्सक आणि मोकळ्या मनाने हा अभ्यास केला, याची दादही दिली. म्हणजे आतला माणूस असणं ही अडचण आहे असं त्यांनी मानलं नाही. मन मोकळं असेल तर ते बळच ठरतं.

दुसरी गोष्ट निबंधाच्या शेवटाची. भावनेला शास्त्राच्या प्रांतात जागा नसावी, असं आंबेडकर तिथे म्हणतात. आपलं प्रतिपादन कुणी तर्काने खोडून काढलं तर त्यातही आपल्याला आनंदच वाटेल, असंही सांगतात. ज्याच्यासाठी हा आयुष्याचा प्रश्न होता, तो माणूस आपला सिद्धांत तपासणीसाठी सर्वांपुढे ठेवत होता. आंबेडकरांनी विषय मूल्यांमधून घेतला आणि युक्तिवाद मात्र कोणालाही तपासता येईल असा केला.

रुपयाचा प्रश्न आणि 'फायदा कुणाचा?'

आंबेडकरांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला प्रबंध होता 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. विषय चलनव्यवस्थेचा, म्हणजे वरवर पाहता अगदी कोरडा. रुपयाचा विनिमय दर घसरला की निर्यातीला चालना मिळते आणि देशाचा फायदा होतो, असा युक्तिवाद त्या काळी केला जात असे.

आंबेडकरांनी त्यावर प्रश्न विचारला : हा फायदा येतो कुठून? किमती वाढतात, पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे हा फायदा देशाबाहेरून येत नाही. तो देशातल्याच मजुरी करणाऱ्या वर्गाकडून व्यापारी-मालक वर्गाकडे जातो, असं त्यांनी मांडलं.

'कुणाचा फायदा, कुणाचं नुकसान' हा प्रश्न कुठल्याही आकडेवारीच्या तक्त्यात आपोआप सापडत नाही. तो विचारणाऱ्याच्या मूल्यांमधून येतो. पण एकदा विचारला की त्याचं उत्तर किमती आणि मजुरीच्या आकड्यांमध्येच शोधावं लागतं.

हा प्रबंध पहिल्या वेळी स्वीकारला गेला नाही. त्यातली मतं ब्रिटिश सत्तेला झोंबणारी होती म्हणून असं झालं, अशी आठवण सर्रास सांगितली जाते. लंडन स्कूलकडच्या त्यांच्या विद्यार्थी-नोंदींमध्ये मात्र तसा उल्लेख मिळत नाही. नक्की आहे ते एवढं की, त्यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये प्रबंध पुन्हा सादर केला, नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला आणि लगेच पुस्तकरूपाने छापला गेला. पुस्तकाची प्रस्तावना लिहिली त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, आणि त्यात त्यांनी काही मुद्द्यांवर आपली असहमतीही नोंदवली. आंबेडकरांनी मात्र कॅनन यांच्या काटेकोर तपासणीमुळे आपण अनेक चुकांपासून वाचलो, अशा शब्दांत आभार मानले.

गाइडशी मतभेद म्हणजे करिअर संपलं, असं वाटणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांनी हा तपशील लक्षात ठेवायला हवा.

इरावती कर्वे : मार्गदर्शकाच्या विरोधात गेलेली मोजमापं

१९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, मानववंश आणि सुप्रजननशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेचे संचालक. फिशर यांच्या वंशविषयक विचारांचा पुढे नाझी राजवटीने वापर केला.

इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या असमानतेचा, म्हणजे कवटीची उजवी आणि डावी बाजू किती वेगळी असते याचा. ही असमानता गोऱ्या युरोपीय लोकांच्या श्रेष्ठत्वाशी जोडलेली आहे, अशी फिशर यांची धारणा असल्याचं चरित्रकारांनी नोंदवलं आहे. इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या. निष्कर्ष निघाला की असमानता असते, पण तिचा वंशाशी संबंध नाही. त्यांनी तो तसाच लिहिला.

परदेशात शिकणारी विशीतली विद्यार्थिनी आणि समोर आपल्या क्षेत्रातला बलाढ्य प्राध्यापक. इथे मूल्य कुठे होतं? मोजमापात नव्हतं. मोजमाप कुणीही केलं असतं तरी तेच आलं असतं. मूल्य होतं ते आलेलं मोजमाप न बदलता लिहिण्यात. प्रामाणिकपणा आणि धैर्य ही मूल्यं संशोधनाला बाहेरून चिकटवलेली नसतात. त्यांच्याशिवाय संशोधन उभंच राहत नाही.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. त्या संग्रहातल्या काही कवट्या जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून आणलेल्या होत्या. त्या माणसांची किंवा त्यांच्या नातलगांची परवानगी घेण्याचा प्रश्नच तेव्हा कुणाला पडत नव्हता. शिवाय भारतात परतल्यावरही इरावतीबाईंनी जातिसमूहांच्या शरीरमापनाचं काम बरीच वर्षं केलं आणि त्यावर आज अभ्यासक टीकाही करतात. एका बाबतीत धैर्य दाखवलेल्या संशोधकालाही आपल्या काळाच्या काही सवयी दिसत नाहीत. म्हणूनच मूल्यं फक्त विषय निवडताना आठवून भागत नाही. सामग्री कुठून आली, कुणाच्या संमतीने आली, हेही विचारावं लागतं.

बलस्थान म्हणजे काय आणि ते कसं ओळखायचं?

मूल्यांइतकाच महत्त्वाचा दुसरा भाग म्हणजे संशोधकाची स्वतःची ताकद. जे काम इतरांना कंटाळवाणं किंवा अवघड वाटतं आणि आपल्या हातून सहज होतं, ते आपलं बलस्थान.

कुणाला मोडी वाचता येते. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचा प्रचंड साठा आहे आणि तो वाचू शकणारी माणसं कमी आहेत. मराठ्यांच्या इतिहासावर काम करणाऱ्यासाठी हे कौशल्य कुठल्याही परदेशी सिद्धांतापेक्षा मोलाचं ठरू शकतं. कुणाला आकडेमोडीत रस असतो. कुणापुढे माणसं मोकळेपणाने बोलतात.

गेल ऑम्वेट यांचं उदाहरण इथे बोलकं आहे. अमेरिकेत जन्मलेल्या ऑम्वेट यांनी १९७३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. विषय होता १८७३ ते १९३० या काळातली पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ. १८७३ हे वर्ष अर्थातच जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचं. समतेच्या चळवळींबद्दलची आस्था हे त्यांचं मूल्य होतं. पण नुसत्या आस्थेवर प्रबंध झाला नसता. त्या मराठी शिकल्या, महाराष्ट्रात फिरल्या आणि चळवळीच्या मराठी साहित्यापर्यंत पोहोचल्या. पुढे त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला त्या राहिल्या. मूल्याला भाषेची जोड मिळाली, म्हणून काम टिकलं.

प्रयोगशाळेतलं उदाहरण कमला सोहोनी यांचं. दुर्गा भागवतांच्या या भगिनीला १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने, केवळ मुलगी म्हणून, आधी प्रवेश नाकारला होता. संचालक होते सी. व्ही. रामन. कमलाबाई हटून बसल्या आणि प्रवेश मिळवला. पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतींच्या पेशींमध्ये 'सायटोक्रोम सी' असल्याचं दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता, असं सांगितलं जातं. भारतात परतल्यावर त्यांनी नीरा, डाळी यांसारख्या गरिबांच्या आहारातल्या पदार्थांच्या पोषणमूल्यावर काम केलं. जीवरसायनशास्त्राचं कौशल्य तेच राहिलं. ते कशासाठी वापरायचं, हे त्यांच्या मूल्यांनी ठरवलं.

लिहिताना 'मी' चालतो का?

आता लेखनाकडे येऊ. 'असे आढळून येते', 'असे म्हणता येईल' अशा वाक्यांनी प्रबंध भरले की ते वस्तुनिष्ठ वाटतात. पण कुणाला आढळलं, कुठे, किती वेळा, हे त्यात लपून जातं.

समजा, ऊसतोडीवरच्या प्रबंधात एक वाक्य आहे : 'महिला मजुरांचे शोषण होते असे आढळून येते.' वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी संशोधिकेने असं लिहिलं : 'नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेताना व्यवहार नवऱ्याशी होतो. मुलाखत दिलेल्या बायकांपैकी किती जणींना उचलीची रक्कम ठाऊक होती, ते पुढच्या तक्त्यात दिलं आहे.' इथे 'शोषण' हा शब्दही नाही. तरी मूल्य जास्त ठळकपणे दिसतं आणि पुरावाही समोर आहे.

समाजशास्त्रं आणि मानव्यविद्यांमध्ये आता एक पद्धत रुळली आहे. संशोधक आपण कुठून पाहतोय हे थोडक्यात सांगतो. जात, लिंग, वर्ग, भाषा, गावाशी असलेलं नातं यांचा माहिती गोळा करण्यावर काय परिणाम झाला, हे तो लिहितो. याला 'पोझिशनॅलिटी' म्हणतात. यामागे स्त्रीवादी आणि दलित विचारांचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठातल्या अभ्यासक शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दलित स्त्रीवादी भूमिकेबद्दल महत्त्वाचा लेख लिहिला. दलित स्त्रियांच्या जागेवरून पाहिलं तर समाजाचं कोणतं चित्र दिसतं, हा त्यातला गाभ्याचा प्रश्न होता.

पण पोझिशनॅलिटी म्हणजे आत्मचरित्र नव्हे. आणि 'मी अमुक जातीचा, अमुक गावचा' अशी कबुली देऊन पुढे तिचा विसर पडला, तर तो नुसता उपचार होतो. ऊसतोड कुटुंबातून आलेल्या संशोधिकेने लिहायला हवं ते असं : फडातल्या बायका तिच्याशी लवकर बोलल्या, कारण ती त्यांच्यातली होती. मुकादमांनी मात्र हातचं राखून बोलणं केलं, कारण तिचे वडील कोण हे त्यांना ठाऊक होतं. मग तिने ती बाजू दुसऱ्या मार्गाने कशी तपासली? एवढं सांगितलं तर वाचणाऱ्याला निष्कर्ष किती भक्कम आहे याचा अंदाज येतो.

अर्थात विषयानुसार हे बदलतं. रसायनशास्त्राच्या प्रबंधात अशा निवेदनाची गरज सहसा पडत नाही. तिथे संशोधकाचा प्रामाणिकपणा दिसतो तो फसलेले प्रयोग आणि मोजमापातल्या त्रुटीची मर्यादा नीट नोंदवण्यात.

मूल्यं संशोधनाचा घात कधी करतात?

उत्तर आधीच ठरलेलं असतं तेव्हा. आपल्या मताला पूरक मुलाखती ठळक करायच्या आणि विरोधातल्या 'अपवाद' म्हणून सोडून द्यायच्या, हा मोह कळकळीच्या माणसालाच जास्त होतो. त्याला वाटतं, हे लिहिलं तर आपल्याच लोकांचं नुकसान होईल.

यावर काही साधे उपाय आहेत.

फील्डवर्कच्या आधी एका कागदावर लिहून ठेवावं : काय सापडलं तर आपलं मत बदलेल? या प्रश्नाला 'काहीच नाही' असं उत्तर येत असेल तर तो विषय लेखासाठी, भाषणासाठी चांगला आहे, प्रबंधासाठी नाही. वैद्यकीय चाचण्यांमध्ये अभ्यासाचा आराखडा आधीच जाहीर नोंदवून ठेवतात, त्यामागचा एक हेतू हाच असतो.

आपल्या मुद्द्याला न बसणाऱ्या नोंदींसाठी वेगळी वही ठेवावी आणि प्रबंधात त्यांना जागा द्यावी.

एखादं प्रकरण आपल्याशी सहमत नसलेल्या, पण नीट वाचणाऱ्या माणसाला दाखवावं.

आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांना शक्य तिथे निष्कर्ष सांगावेत, त्यांच्या भाषेत. त्यांनी मान डोलवलीच पाहिजे असं नाही. पण त्यांचं म्हणणं काय आहे, हे संशोधकाला कळायला हवं.

सहा वर्षं कोणता प्रश्न सोबत ठेवायचा?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षांचा कालावधी आहे. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती याच नियमांनी काढून टाकली. साहित्यचोरीबाबतचे नियम २०१८ पासून आहेत आणि विद्यार्थ्यांचं बरंचसं लक्ष सॉफ्टवेअरने दाखवलेलं साम्य दहा टक्क्यांच्या आत कसं आणायचं याकडेच असतं.

पण वाक्यं उलटसुलट करून टक्केवारी कमी करता येते, प्रश्न स्वतःचा करता येत नाही. उसन्या प्रश्नावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी कंटाळा येतो. फेलोशिप थकते, घरचे 'अजून किती वर्षं?' विचारतात, गाइडच्या सुधारणा संपत नाहीत. अशा वेळी टेबलावर परत बसवणारी गोष्ट पदवीच्या आशेपेक्षा मोठी असावी लागते.

म्हणून 'हाच विषय का?' या प्रश्नाचं खरं उत्तर देण्यात कमीपणा नाही. विहिरी आटताना पाहिल्या म्हणून भूजलाचा विषय घेतला, हे सांगावं. त्यानंतर पातळी किती फूट खाली गेली, कोणत्या वर्षी गेली आणि का गेली, हे मोजून दाखवावं. ती आपल्याच घरच्या बोअरमुळे गेली असेल, तर तेही लिहावं.